तिसऱ्या रेघेवर लाल शाई

परवा पुण्याहून नातीचा फोन आला तेव्हा ती अगदी रडकुंडीला आली होती. ती घरांचे नकाशे काढते, कॉम्प्युटरवर. ज्या सॉफ्टवेअरवर काढते ते सोमवारी नवं करून दिलं आणि त्यातली सगळी बटणं बदलली. "आजी, सहा वर्षं जे बटण दाबलं की रेघ कापली जायची, ते दाबलं की आता अख्खा नकाशा फिरतो. आणि मी काही न सांगता माप मिलिमीटरऐवजी सेंटिमीटर धरलं जातं. माझी बोटंच माझी राहिली नाहीत बघ." तिला वाटलं, म्हातारी हसेल. मी हसले नाही. मी तिला म्हटलं, बोटं चुकताहेत तोवर काळजी नाही. ती चुकायची थांबली की मला फोन कर. ती म्हणाली, म्हणजे काय? फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहायला बसले आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. बुलढाण्याला तलाव-बंधाऱ्यांच्या एका सरकारी कार्यालयात मी ट्रेसर होते. पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर पातळ, आरपार दिसणारं कापड ताणून बसवायचं आणि शाईने तो नकाशा जसाच्या तसा त्यावर उतरवायचा, हे माझं काम. आमचं घर भाजीपाला पिकवणाऱ्यांचं. धाडच्या बाजारात वांग्या-मिरच्यांपुढे बसून मी लहानाची मोठी झाले. मॅट्रिकनंतर कुणीतरी वडिलांना सांगितलं की पोरीचं अक्षर चांगलं आहे, अर्ज टाकून पाहा. नोकरी लागली. कार्यालयात बाई मी एकटीच. पहिल्या आठवड्यात शेजारच्या खात्यांतले कारकूनही काहीतरी निमित्त काढून दारातून डोकावून गेले.

साहेब पुण्याकडचे. माणूस वाईट नव्हता, पण माझ्या तोंडून 'मले' निघालं की त्यांच्या मिशीत हसू यायचं. मला त्याचा असा संताप यायचा की मी ऑफिसात बोलणंच कमी केलं आणि सगळं हाताने दाखवायचं ठरवलं. माझ्या हाताचा मला गर्व होता, खोटं कशाला सांगू. माझी रेघ जिथे थांबायला हवी तिथेच थांबायची, केसभर पुढे नाही की मागे नाही.

हा हात घडवला तो आमच्या हेड ड्राफ्ट्समननी. त्यांना सगळे काकाजी म्हणत. तलावाचा नकाशा म्हणजे उंचीच्या रेघांचं जाळं. एका रेघेवरच्या सगळ्या जागा सारख्याच उंचीच्या. तिच्या वरची रेघ एक फूट उंच, तिच्या वरची आणखी एक फूट. तलाव भरला की पाणी जिथवर येणार, ती रेघ निळी करायची. पुराच्या दिवसांत पाणी त्याच्याही वर तीन फूट चढेल असं धरायचं आणि तिथे लाल रेघ काढायची. लाल रेघेच्या आतली घरं, शेतं, विहिरी सगळं सरकार ताब्यात घेणार. काकाजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "पोरी, येथी पट्टी लावाचं कामच नाई. निळीपासून वर मोजाचं. एक, दोन, तीन, लाल." फुटाफुटाच्या रेघा, म्हणजे तिसरी रेघ तीन फुटांवर. सगळं कार्यालय 'तीन वर' एवढंच म्हणायचं. 'फूट' हा शब्द तिथे कधी कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही, कारण फुटांशिवाय दुसरं काही जगात होतं कुठे?

आणि एक दिवस ते आलं. हुकूम निघाला की फूट-इंच बंद, इथून पुढे सगळं मीटर-सेंटिमीटरमध्ये. एका खोक्यातून नव्या पट्ट्या आल्या आणि जुन्या सही करून परत द्यायच्या होत्या. माझ्या जुन्या पट्टीच्या कडा माझ्या अंगठ्याने गुळगुळीत झाल्या होत्या, डोळे मिटून मी तिची हवी ती बाजू वर आणायची. ती दिली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते साहेबांनी पाहिलं याचा आणखी राग आला. काकाजी तर नुसते स्टुलावर बसून राहिले. "निवृत्तीले तीन वर्षं राह्यले," ते म्हणाले, "आन मले पुन्हा पहिलीत बसवून राह्यले हे लोक."

पुढचे दोन महिने माझे फार वाईट गेले. सांडव्याची भिंत मी अशी काढली की ती नाला सोडून रस्त्यावर गेली. पाणी सोडायच्या दाराचा आकार पाहून साहेब म्हणाले, "यातून काय हत्ती सोडायचेत?" सगळे हसले. मी घरी जाऊन जेवले नाही. मग जिद्दीला पेटले. आईचा पोळपाट, बाज, दाराची उंची, वांग्यांच्या दोन सऱ्यांमधलं अंतर, जे दिसेल ते मीटरच्या टेपने मोजत सुटले. आई म्हणाली, "पोरीले लागीर झालं काय?" पण हळूहळू हात वळला. किती सेंटिमीटर ते पट्टी न लावता सांगता यायला लागलं. उलट मला नवी पद्धत आवडायलाच लागली. आता उंचीची रेघ दर मीटरला एक, त्यामुळे कापड मोकळं दिसायचं आणि नकाशा निम्म्या वेळात हातावेगळा व्हायचा. साहेब एकदा काकाजींना म्हणाले, "बघा, बाई शिकल्या, तुम्ही अजून चाचपडताय." त्या दिवशी मी सायकलवर बसल्यासारखी घरी गेले, पाय जमिनीला लागत नव्हते.

त्या भरात धाडकडच्या एका गावाजवळच्या तलावाचा नकाशा माझ्याकडे आला. धरणाची भिंत वेगळ्या कापडावर काकाजी काढत होते, पाण्याखाली जाणारी जमीन माझ्याकडे होती. मी निळी रेघ काढली. मग एक, दोन, तीन, लाल. मी कोपऱ्यात सही केली, काकाजींनी तपासून खाली त्यांची केली, साहेबांनी सही केली, निळ्या छपाईच्या प्रती निघाल्या आणि मोजणीवाले त्या घेऊन गावी गेले. कागदावर लाल रेघ जिथे होती तिथे त्यांनी जमिनीत चुना लावलेले गोटे रोवले.

होळी होऊन गेली होती. दुपारी एक माणूस आमच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, पायात टायरच्या चपला, बोटांच्या पेरांत चुना बसलेला. गवंडी होता तो, त्या तलावाच्या गावचा. गावाबाहेर, नाल्याच्या वरच्या अंगाला बौद्धांची वस्ती होती, तिथे त्याचं घर. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांची विटांची घरं बांधली आणि स्वतः मातीच्या घरात राहिला. गेल्या चार वर्षांत एकेक करून विटा जमवून त्याने स्वतःचं घर उभं केलं होतं. त्या वस्तीतलं विटांचं पहिलं घर.

"बाई, एक इचारू काय?" तो म्हणाला. "पानी एवढं वर येनार हाये काय? मांगच्या सालच्या साहेबानं सोता फिरून दाखोलं व्हतं का पानी खालीच राह्यते, तुमच्या वस्तीले धोका नाई. आन आता पांढरे गोटे माह्या घराच्याबी मांगं लावले."

साहेब आपल्या टेबलाशी कागद चाळत होते. त्यांचे कान इकडे आहेत हे मला कळत होतं. मी अगदी शुद्ध, छापील बोलले. "आता नव्या मापाने नकाशे झाले आहेत. मागचं विसरा. गोटे नकाशाप्रमाणेच लावले आहेत."

"तसं नाई बाई, पन एकदा पाहून घेतलं असतं. तुटनारच असन त पावसाच्या आंधी मी सोताच घर सोडवून घेतो. इटा वाचतीन, लाकूड वाचन. अन नसन तुटत त मले तसं सांगा." घर पाडायचं की राहू द्यायचं, एवढंच विचारायला तो दोन बस बदलून आला होता.

नकाशाची प्रत मागच्या कपाटात होती. उठून काढायला आणि पाहायला पाच मिनिटं लागली असती. पण माझ्या कामावर कुणी बोट ठेवलं की माझं डोकंच फिरायचं. "नकाशा चुकत नसतो," मी म्हणाले. "मी स्वतः काढलेला आहे."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याचा चेहरा उजळला. "तुमी काढला? कोनत्या गावच्या?" मी सांगितलं. "मंग आपल्याच इकडच्या की. पोरगी नकाशा काढते, वा!" आणि मान हलवत म्हणाला, "मंग बराबरच असन." हात जोडून तो निघून गेला.

त्यानंतर महिनाभराने सोनाळ्याच्या बाजूच्या एका तलावाचा नकाशा आला. अगदी लहान तलाव, म्हणून धरणाची भिंत आणि पाण्याची जमीन एकाच कापडावर बसली होती. मी निळी रेघ पुरी केली, पेन पुसला, लाल शाई भरली. एक, दोन, तीन. रेघ डावीकडून सुरू केली, टेकडीच्या कडेने आणली आणि धरणाशी पोचले तेव्हा हात थांबला. लाल रेघ धरणाला टेकतच नव्हती. धरणाच्या माथ्याच्या वरून पलीकडे निघून जात होती. म्हणजे पुराचं पाणी धरणाच्या डोक्यावरून दोन हात उंच उभं राहणार आणि तरी तलावातच राहणार! मला आधी हसू आलं. वाटलं, काकाजींनी भिंत बुटकी काढली.

मग मी पुन्हा मोजलं. एक मीटर. दोन मीटर. तीन मीटर.

पेन हातातून सुटला आणि त्या पांढऱ्या कापडावर लाल शाई सांडली. मी ती टिपलीसुद्धा नाही. तीन फूट म्हणजे जेमतेम माझ्या कमरेएवढं पाणी. तीन मीटर म्हणजे जवळजवळ दहा फूट, आमच्या घराच्या आढ्यापर्यंत. पहिली रेघसुद्धा गाठायची नव्हती, तिच्या जरा खाली लाल काढायची होती, आणि मी जुन्या सवयीने तिसरीवर गेले होते. नव्या मापाशी झगडत होते तेव्हा मी एकेक रेघ दहादा तपासायचे. हात सरावला आणि तपासणं थांबलं, तिथे ही चूक शिरली. 'तीन' हा शब्द तोच राहिला, त्याच्या खालची जमीन बदलली, आणि ते माझ्या, काकाजींच्या, साहेबांच्या, कुणाच्याच ध्यानात आलं नाही. तीन जणांच्या तीन सह्या.

"काकाजी," मी म्हटलं. ते उठून आले, वाकून पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं. "अरे देवा," ते म्हणाले. "धाडकडचा?" मी मान हलवली. कपाटातली प्रत काढून आम्ही दोघांनी पाहिली. लाल रेघ अख्ख्या वस्तीला वळसा घालून वर गेली होती. माझीच रेघ, सुरेख, कुठेही न थरथरलेली.

साहेब आधी काकाजींवर ओरडले, मग माझ्यावर, मग खुर्चीत बसून एक पेला पाणी प्यायले. बाकीचे नकाशे तपासले. सुदैवाने तो एकच जमिनीपर्यंत पोचला होता. साहेबांनी दुरुस्तीचं पत्र लिहायला घेतलं आणि त्यात 'लेखनदोष' असा शब्द घातला. पत्र तहसिलीतून फिरत फिरत गावी जायला महिना लागला असता. मी म्हटलं, मी उद्या जाते. "तुम्ही कशाला?" साहेब म्हणाले. दुरुस्त केलेल्या नकाशाची प्रत गुंडाळी करून पिशवीत टाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीने धाडला उतरले. तिथून पुढे चालत.

वाटेत मी सारखी मनात जुळवत होते की कसं सांगायचं. घर राहतंय हे ऐकून त्याला आनंदच होईल, मग चुकीचं काय एवढं, असंही स्वतःला सांगून पाहिलं. वस्ती दिसली. आठ-दहा मातीची घरं जागच्या जागी होती, दारात चुली पेटलेल्या. आणि मधोमध एक मोकळी जागा.

तिथे विटांची एक चौकोनी रास होती, गवंड्याने रचावी तशी, कोपरे काटकोनात. तिच्याशेजारी छपराचे कवेलू ओळीने उभे केलेले. चौकट आडवी जमिनीवर, तिच्या बिजागऱ्यांना फडकं गुंडाळलेलं. त्याची बायको एकेक वीट मांडीवर घेऊन सुरीने तिचा जुना चुना खरवडत होती. खर्र, खर्र. तो स्वतः पायाच्या खड्ड्यात उतरून शेवटचा थर सोडवत होता.

त्याने मला ओळखलं. "अरे, नकाशावाल्या बाई!" तो खड्ड्यातून वर आला, हात झटकले. "पाहा, एकबी इट फुटू देली नाई. बाकीचे म्हन्ते थांब, पानी येईन तवा पाहू. म्या म्हटलं, मी बुलढान्याले जाऊन इचारून आलो, जिनं नकाशा काढला त्याच बाईनं सांगतलं. काऊन थांबू?"

"नकाशात चूक झाली," मी म्हणाले. छापील मराठीत. "कार्यालयाकडून. दुरुस्ती केली आहे. पाणी इथपर्यंत येत नाही. तुमचं घर जात नव्हतं."

खरवडण्याचा आवाज थांबला. "जात नव्हतं?"

"नाही."

त्याच्या बायकोने मांडीवरची वीट खाली ठेवली नाही. ती माझ्याशी नव्हे, त्या विटेशीच बोलावं तशी म्हणाली, "मंग म्या हे काऊन करून राह्यली?"

मी नकाशा उलगडला आणि लाल रेघ दाखवू लागले, पण खरं सांगायचं तर त्या माळावर उभी राहून मला रेघ कुठे आहे तेच कळेना. सहा-सात तलाव मी कापडावर काढले होते आणि एकाही तलावाच्या जागेवर कधी पाय ठेवला नव्हता. त्यानेच नकाशा माझ्या हातून घेतला, फिरवून सरळ केला, नाल्याचं वळण ओळखलं, विहीर ओळखली, आणि पावलं मोजत उताराने खाली गेला. बऱ्याच खाली जाऊन थांबला. तिथून त्याने वळून आपल्या घराच्या जागेकडे पाहिलं. किती तरी वेळ पाहिलं.

परत आला तेव्हा त्याचा आवाज शांत होता. "कोनाच्या हातून झालं हे?" त्याने विचारलं.

साहेबांचं नाव सांगता आलं असतं, सही त्यांची होती. काकाजींचं सांगता आलं असतं, तपासलं त्यांनी होतं. मी त्याच्या बायकोच्या मांडीवरच्या विटेकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून माझी बोली निघाली, ऑफिसात कधी न निघणारी. "माह्याच हातानं झालं. तुमी आले व्हते तवा उठून पाह्यलं असतं त तेथीच दिसलं असतं. म्या उठली नाई." आणि मी रडायला लागले, त्या विटांच्या राशीला हात टेकून, भर उन्हात.

तो रागावेल, शिव्या देईल, निदान 'निघा इथून' तरी म्हणेल, याची मी वाट पाहत होते, खरंच पाहत होते. वस्तीतली दोन-तीन माणसं आपापल्या दारातून उठून आमच्याकडे यायला निघाली होती. त्याने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि माझ्या जवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाला, "पाहा माय, हे मले सांगतलं ते ठीक केलं. पन आता दुसऱ्या कोनाले सांगू नका. येथीबी नाई, तेथीबी नाई. आमच्यातला एक चुकला का लोकं साऱ्या वस्तीचं नाव घेतेत. तुमचंबी तसंच करतीन. बाई व्हती म्हून चुकली म्हन्तीन, आन मंग दुसऱ्या पोरीले त्या खुर्चीवर बसू देनार नाईत."

माणसं येऊन पोचली. काय झालं, त्यांनी विचारलं. "सरकारचा कागद चुकला," तो म्हणाला. "आपली वस्ती वाचली."

लोक खुश झाले. कुणीतरी माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला आणि मी तो प्याले, त्याच्या बायकोशेजारी बसून.

सरकारने त्याची जमीन घेतली नाही, म्हणून घराचं त्याला काहीच मिळालं नाही. ज्याने स्वतःच्या हाताने घर पाडलं त्याच्यासाठी कुठल्याच अर्जात रकाना नव्हता. मी शोधून पाहिला. ऑफिसात ज्या दोघांना खरं ठाऊक होतं त्यांच्या सह्या त्याच नकाशावर होत्या, तेव्हा तेही गप्प बसले. माझ्यानंतर त्या खोलीत आणखी चार मुली आल्या. त्यांना रेघ मारायला मी शिकवलं, आणि 'तीन म्हणजे तीन काय?' हे त्यांच्याकडून रोज वदवून घेतलं. का, ते कधी सांगितलं नाही. माझ्या निवृत्तीच्या दिवशी भाषणात तेव्हाचे साहेब म्हणाले की बाईंच्या हातून सबंध नोकरीत एक चूक झाली नाही, आणि टाळ्या वाजल्या, आणि मी खाली मान घालून बसले, कारण तो लौकिक मला ज्याने दिला होता त्याचं घर मी पाडलं होतं.